साताऱ्यातून जावाच्या ईजेन क्रेटरपर्यंत: गंधकाचा डोंगर चढायचा कसा

"दाजी, आमचं अख्खं आयुष्य गंधकात गेलंय, मला काय शिकवताय," असं माझा मेव्हणा म्हणाला होता. तो तासगावचा, द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. द्राक्षावरच्या भुरी रोगावर गंधक मारायचं, बेदाण्याला गंधकाची धुरी द्यायची, हे तो शाळेत असल्यापासून करतोय, त्यामुळे ईजेनला गंधकाचा धूर असतो म्हटल्यावर गडी खुशच झाला. मी साताऱ्याचा, अजिंक्यतारा म्हणजे आमचं मॉर्निंग वॉकचं ठिकाण, त्यामुळे चढाईचं मला काही वाटत नव्हतं. म्हणजे एकाला डोंगराचा माज आणि एकाला गंधकाचा. दोघांचाही तिथे उतरला, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी डोंगर कुठला ते. कावा ईजेन, इंडोनेशियाच्या जावा बेटाच्या अगदी पूर्व टोकाला, बान्युवांगी शहराच्या मागे. कावा म्हणजे क्रेटर. वरच्या कड्याची उंची साधारण २,३८६ मीटर, आणि आत निळसर हिरवं तळं, दिसायला देवाघरचं पण पाणी म्हणजे निव्वळ ॲसिड, पीएच ०.५ च्या खाली. तळ्याच्या काठाला फटींतून गंधकाचा वायू तापून बाहेर येतो, काही ठिकाणी ६०० अंशांपर्यंत, हवा लागली की पेट घेतो आणि अंधारात निळ्या ज्वाळा दिसतात. हे निळं फक्त अंधारातच दिसतं म्हणून सगळा खटाटोप रात्री करायचा.

आपला सह्याद्री आणि तो डोंगर, फरक आधी समजून घ्या

आपला काळा कातळ पण ज्वालामुखीचाच, पण तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. तिकडचं काम अजून चालू आहे. ईजेनचा शेवटचा मोठा उद्रेक १८१७ चा, म्हणजे इकडे पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाचा, त्यानंतर वाफेचे छोटे स्फोट होत राहिलेत. आणि तळं असलेल्या ज्वालामुखीत भीती असते ती याच वाफेच्या स्फोटाची. खाली तापलेला दगड, वर पाणी, पाण्याची एकदम वाफ झाली की ती हजार दीड हजार पट फुगते, आणि याच्याआधी धरणीकंप वगैरे होईलच असं नाही. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला हेच झालं, तेव्हा बेटावर ४७ माणसं होती, त्यातली २२ गेली. अलर्टची लेव्हल वाढवलेली असतानाही टूर चालूच होत्या.

त्यामुळे पहिली सवय सोडायची ती "एवढं आलोय तर जाऊनच येऊ" ही. वासोट्याला कसं, बामणोलीतून बोट, फॉरेस्टची परवानगी, आणि संध्याकाळच्या आत परत म्हणजे परत, तिथे आपण हुज्जत घालत नाही. तसंच इकडे समजा.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर. ऐकायला विचित्र वाटेल पण ते बेट विषुववृत्ताच्या खाली आहे, आपल्याकडे कास पठारावर छत्री उडून जाते तेव्हा तिथे कोरडा सीझन असतो. आम्ही जुलैमध्ये गेलो, घरून निघताना रेनकोट आणि तिथे पोचल्यावर तोंडात धूळ. पावसाळ्यात, म्हणजे त्यांच्या नोव्हेंबर ते मार्च, वाट निसरडी होते आणि ढगात वायू कुठून येतोय ते दिसत नाही, तेव्हा नकोच. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी डोंगर बंद ठेवतात, तारखा काढताना तेही बघा.

अलर्ट बघायला शिका, हे सगळ्यात महत्त्वाचं

इंडोनेशियात ज्वालामुखीवर नजर ठेवणारं सरकारी खातं आहे, त्यांचं 'मॅग्मा इंडोनेशिया' नावाचं ॲप आणि साईट आहे. चार लेव्हल असतात. पहिली नॉर्माल. दुसरी वास्पादा, म्हणजे सावध. तिसरी सियागा, म्हणजे तयारीत राहा. चौथी आवास, आणि हे आवास म्हणजे आपलं घरकुल नव्हे, ते "पळा" असं आहे. नॉर्माल असेल तर गाईडच्या भरवशावर जा. वास्पादा असेल तर कड्यापर्यंत सोडतात का, आत उतरायला बंदी आहे का, हे त्या दिवशीचं विचारा, बरेचदा आतली वाट बंद असते. सियागा म्हणजे प्लॅन रद्द, तिकिटाचे पैसे गेले तर जाऊदे.

एक घोळ टाळा. मेरापी नावाचे डोंगर तिकडे पायलीला पन्नास आहेत. जोगजाकार्ताजवळचा मेरापी वेगळा, सुमात्राचा मारापी वेगळा, जिथे डिसेंबर २०२३ मध्ये अचानक उद्रेक होऊन वीसच्या वर ट्रेकर गेले, आणि ईजेनला लागूनच अजून एक मेरापी आहे. बातमी वाचताना बेट कुठलं ते आधी बघा, नाहीतर आमच्या आईसारखं होईल, टीव्हीवर भलताच डोंगर बघून तिने पहाटे तीनला फोन केला होता.

तयारी, आठ आठवडे

चढ किती ते सांगतो. पाल्तुडिंग नावाचा बेस आहे साधारण १,८५० मीटरवर, तिथून कड्यापर्यंत ३ किलोमीटर आणि सव्वापाचशे मीटर चढ. म्हणजे पावणेदोन अजिंक्यतारे एका दमात. वाट रुंद, कच्च्या घाटरस्त्यासारखी, कुठेही कातळटप्पा नाही की दोर नाही, पण मधला दीड किलोमीटर चढ अंगावर येतो आणि पायाखाली मुरमासारखी सुटी भुकटी, घसाराच म्हणा. चढताना एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे, उतरताना तर बेअरिंगवर चालल्यासारखं.

आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चालत, रविवारी सात-आठ किलोची सॅक घेऊन जरंडेश्वर, आणि शेवटच्या महिन्यात दोनदा तरी रात्री तीनला उठून हेडटॉर्चवर अजिंक्यतारा, एवढं केलं की पुरे. रात्रीचं चालणं टाळू नका, झोपमोड झालेल्या पोटाने चढणं ही वेगळीच गोष्ट आहे. सांगलीकडच्या सपाटीवरच्या लोकांनी दंडोबा गाठावा, मेव्हण्याने तेच केलं, चार फेऱ्या मारायचा आणि वर बसून फोटो पाठवायचा.

आणि उतरायची प्रॅक्टिस करा. गुडघे चढताना नाही, उतरताना बोलायला लागतात.

मास्क: इथे आमचं चुकलं

मेव्हण्याने घरून फवारणीचा मास्क आणलेला, दोन डबे लावलेला, दिसायला एकदम तगडा. मी पण म्हटलं चालतंय. नशीब बान्युवांगीत गाईडने सॅक उघडायला लावली. त्याने डब्यावरचा पट्टा दाखवला, तपकिरी, ए अक्षर. ते औषधांच्या, सॉल्व्हंटच्या वाफेसाठी असतं. गंधकाच्या धुराला, म्हणजे सल्फर डायऑक्साइडला पिवळा पट्टा आणि ई अक्षर लागतं, आणि कुजक्या अंड्याचा वास असतो त्या हायड्रोजन सल्फाइडला करडा पट्टा, बी अक्षर. दोन्ही मिळून येणारी, एबीईके लिहिलेली चार रंगी पट्ट्यांची डबी सगळ्यात सोपी. धुळीसाठी वर गोल फिल्टर लावता आला तर उत्तम. एन-९५ मास्क राखेला आणि धुळीला ठीक, वायू त्यातून सरळ आरपार जातो. ओला रुमाल घशाला जरा बरं वाटायला, बाकी त्याच्यावर विसंबू नका.

तिकडे भाड्यानेही मास्क मिळतात, पण डबी किती जणांनी किती रात्री वापरली ते कळत नाही. सांगली-साताऱ्यात औद्योगिक सेफ्टीच्या दुकानात विचारा, आठ दिवसांत मागवून देतात. सीलबंद आणा, पॅकिंग डोंगरावर पोचल्यावरच फोडा.

दाढी. मास्क कातडीला चिकटला पाहिजे, दाढी असली की कडेने गळतो. मेव्हण्याने दाढी काढायला दोन दिवस घेतले. मास्क घातल्यावर तळव्यांनी डब्या झाकून श्वास ओढून बघा, मास्क तोंडावर चिकटला पाहिजे, नाहीतर पट्टे आवळा. आणि घरी असताना, नवी डबी न फोडता जुनी लावून, तो घालून एकदा अजिंक्यतारा चढा, लोक बघतील, बघूदे. मास्कमधून श्वास जड येतो, घाबरायला होतं, ती पहिली घाबरगुंडी क्रेटरमध्ये नको.

डोळ्यांना कडेने बंद असलेला गॉगल, कॉन्टॅक्ट लेन्स नको. चांदीचं काही अंगावर ठेवू नका, काळं पडतं, माझ्या बायकोची जोडवी एका रात्रीत तव्यासारखी झाली.

दमा, हार्टचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर हा ट्रेक नाहीच, यात घासाघीस नको. तसंही आता आरोग्याचा दाखला लागतो, तिथल्या क्लिनिकमध्ये बीपी आणि ऑक्सिजन बघून देतात, थोडक्या पैशात होतं. माझं बीपी जरा वर आलं तर बाईंनी दहा मिनिटं बाकावर बसवलं आणि पुन्हा घेतलं.

पोचायचं कसं

पासपोर्ट सहा महिने शिल्लक असलेला. व्हिसा ऑन अरायव्हल, ५,००,००० रुपिया, ऑनलाइनही होतो. आकडा बघून घाबरू नका, तीन शून्यं काढा आणि साडेपाचने गुणा, साधारण आपले रुपये येतात, भाव जरा इकडे तिकडे होतो. बालीत उतरत असाल तर तिथला १,५०,००० रुपियाचा पर्यटक कर वेगळा.

साताऱ्याहून रात्रीच्या बसने मुंबई, मुंबईहून सिंगापूर किंवा क्वालालंपूर करत बाली. तिथून गिलीमानुक धक्क्यापर्यंत गाडीने चार तास धरा, रस्त्याला ट्रकच ट्रक. मग फेरीत गाडीसकट चढायचं, पाऊण-एक तासात पलीकडे केतापांग, म्हणजे जावा. दुसरा रस्ता सुराबायाला उतरून रेल्वेने बान्युवांगी, वाटेत ब्रोमो हा दुसरा ज्वालामुखी करायचा असेल तर तोच बरा.

घड्याळाचं लक्षात ठेवा. बाली आपल्यापुढे अडीच तास, जावा दीड तास. म्हणजे फेरी ओलांडली की घड्याळ एक तास मागे. आमचा ड्रायव्हर बालीचा, तो बालीच्या वेळेने बोलत होता, हॉटेलवाला जावाच्या, आणि आम्ही एक तास आधीच कुडकुडत पोर्चमध्ये उभे. ठरवताना कुणाची वेळ ते लिहून घ्या.

रात्री बान्युवांगी किंवा लिचिन गावात झोपा, पाल्तुडिंग तिथून तास सव्वा तास. बालीतून एका रात्रीत जाऊन-येऊनवाली टूर विकतात, ती घेऊ नका. गाडीत झोप होत नाही, आणि हवा वाईट निघाली तर दुसरी रात्र हातात राहत नाही. दोन रात्री ठेवा. याच्यावर मी ठाम आहे, कारण पुढे सांगतो.

तिकीट आता ऑनलाइन काढावं लागतं, परदेशी लोकांना साधारण लाख-दीड लाख रुपिया, वीकेंडला जास्त. गाईड स्थानिकच घ्या, शक्यतो आधी तिथल्या गंधकाच्या खाणीत काम केलेला.

सॅकमध्ये काय

हेडटॉर्च आणि जादा सेल, दीड-दोन लिटर पाणी, पातळ दोन-तीन थर आणि वरून वाऱ्याचं जॅकेट. पहाटे डिसेंबरातल्या महाबळेश्वरासारखी थंडी असते, चढताना घाम आणि कड्यावर थांबलं की हुडहुडी. ग्रिपवाले बूट, हातमोजे (उतरताना दगड धरावे लागतात), नाकातोंडाला बफ धुळीसाठी. खायला शेंगदाण्याचे लाडू, खजूर, दशम्या. शाकाहारी असाल तर नाक्यावरच्या नासी गोरेंगमध्येही कोळंबीची पेस्ट असते, "तान्पा तेरासी" म्हणायला शिका. गाडो-गाडोवर शेंगदाण्याची आमटीसारखी ग्रेव्ही असते, आमची मंडळी त्यावरच जगली.

ती रात्र

गेट साधारण दोनला उघडतं. पहिला टप्पा सावकाश, सगळे धावत सुटतात त्यांना जाऊदे. "टॅक्सी, टॅक्सी" असं ओरडत दोन चाकांच्या गाड्या घेऊन लोक मागे लागतील, हे खाणकामगारच, थकलेल्या पर्यटकांना बसवून दोघं-तिघं ओढत वर नेतात. पाय साथ देत नसतील तर लाज न बाळगता बसा, त्यांना गंधक वाहण्यापेक्षा यात बरे पैसे मिळतात.

दीड-दोन तासांत कडा. इथे थांबायचं आणि वारा बघायचा. गाईड "आंगिन" म्हणेल, म्हणजे वारा, आणि "आसाप", म्हणजे धूर. टॉर्चचा झोत खाली मारा, पांढरा लोट वाटेवर लोळतोय की तळ्याकडे जातोय ते दिसतं. पहिल्या रात्री तो सरळ वाटेवर येत होता. खालून वर येणारे लोक खोकत, डोळे पुसत येत होते. गाईड म्हणाला "तुतुप", आज बंद. मेव्हणा पेटला. "मी शेडात यापेक्षा जास्त धूर खाल्लाय." आता शेडात धुरी लावली की आपण दार लावून बाहेर येतो हे तो विसरला. तो दहा-पंधरा पावलं खाली गेला, मास्क गळ्यातच, आणि लोट फिरला. जो गडी वर आला तो वाकून, लाळ गळत, पाच मिनिटं एक शब्द नाही. त्या रात्री आम्ही नुसता सूर्योदय बघितला आणि उतरलो.

दुसऱ्या रात्री वारा तळ्याकडे होता, तेव्हा गेलो. आतली वाट पाऊण तासाची, उंच-सखल दगडी पायऱ्यासारखी, अंधारात एकावेळी एकच पाऊल. एकमेकांत अंतर ठेवा, वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याला लागतो. कामगार वर येताना दिसले की डोंगराच्या अंगाला टेकून उभं राहा, दरीच्या कडेला नाही, आणि त्यांना मध्ये थांबवून फोटो काढू नका. खांद्यावर बांबूची कावड, दोन टोपल्यांत मिळून ७० ते ९० किलो पिवळे दगड. शिखर शिंगणापूरची कावड मुंगी घाटातून चढताना बघितली असेल त्याला त्या चालीची कल्पना येईल, पण ती वर्षातून एकदा आणि सोबत हजारो हात, इथे माणूस एकटा आणि रोज. यातलं बरंचसं गंधक साखर पांढरी करायला कारखान्यांत जातं. सातारा-सांगलीच्या माणसाला हे सांगायला नको, आपल्या कारखान्यांतही रसाला गंधकाचाच धूर देतात. मेव्हणा तिथे पहिल्यांदा गप्प झाला, आणि एका टोपलीला हात लावून वजन बघायला गेला, उचललंच नाही.

खाली असताना लोट अंगावर आला तर पळू नका, पळालं की श्वास वाढतो आणि पाय मुरगळतो. मास्क घट्ट, डोळे मिटून, गाईडचा खांदा धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेला आणि वर सरका. खाली बसायचं नाही, सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा दुपटीने जड, खोलगट जागेत साठतो. कुजक्या अंड्यांचा वास येत होता आणि एकदम यायचा बंद झाला तर खुश होऊ नका, तो वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. छातीत आवळल्यासारखं झालं की निळी ज्वाळा दहा पावलांवर असली तरी मागे फिरा. तळ्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, बोटसुद्धा नाही.

पाच वाजेपर्यंत आतून निघून कड्यावर या, उजाडायला लागतं. तळ्याचा रंग सूर्य वर आल्यावर खुलतो. फोटो काढा पण कडेकडे पाठ करून मागे सरकू नका, एप्रिल २०२४ मध्ये एक पर्यटक बाई असंच फोटोसाठी मागे जाताना कड्यावरून पडून गेल्या. उतरताना काठी, आणि टाच आधी.

आईवडील किंवा पोरं बरोबर असतील तर

ईजेन सोडा, ब्रोमो करा. २,३२९ मीटर, वाळूचं पठार ओलांडून अडीचशेच्या आसपास पायऱ्या, आणि क्रेटरच्या काठावर चक्क गणपती. ब्रोमो म्हणजे ब्रह्माच, आसपासचे तेंग्गेर लोक हिंदू, कसादाच्या सणाला क्रेटरमध्ये भाजीपाला आणि कोंबड्या अर्पण करतात. आमच्या सासूबाईंनी तिथे हात जोडून आरती म्हटली, चार तेंग्गेर बायका शेजारी येऊन उभ्या राहिल्या. अलर्ट मात्र तिथेही बघायचा, तोही जिवंत आहे, कधीकधी काठापासून एक किलोमीटर लांब ठेवतात.

परत आल्यावर

दोन दिवस घसा खवखवतो, ते चालतं. खोकला वाढत गेला किंवा श्वास घेताना शिट्टी वाजली तर तिथेच डॉक्टर गाठा, विमान पकडायची घाई करू नका. विमा काढताना ट्रेकिंग धरलंय का ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत ते बाहेर असतं. कपडे दोनदा वेगळे धुवा, माझ्या जॅकेटला चौथ्या धुण्यापर्यंत फटाक्यांचा वास होता. जोडवी सोनाराकडे उजळून मिळतात.

डबीचं पॅकिंग एकदा फोडलं की ती पुढच्या ट्रिपसाठी जपून ठेवू नका, हवेतच तिचा दम संपतो. मास्क मात्र धुऊन वर्षानुवर्षं चालतो. मेव्हण्याने आपला बेदाण्याच्या शेडात खिळ्याला लावलाय, पिवळ्या पट्ट्याच्या नव्या डब्या मागवल्यात, आणि धुरी लावायला गडी आत जातो तेव्हा आधी त्याच्या तोंडावर तो चढवतो, तळव्याने डबी झाकून श्वास ओढायला लावतो आणि मगच गंधक पेटवू देतो.